खिंडीतला आंधळा आरसा

मित्रांनो, देवरूखकडून घाट चढून आलात की खिंडीतल्या शेवटच्या वळणावर, दरीच्या बाजूला, लोखंडी खांबावर एक फुगीर गोल आरसा दिसतो. तोच मी. माझ्या कडेचा तांबडा रंग आता उडाला आहे. वरून घरंगळलेल्या एका दगडाने माझ्या कपाळावर चीरही पाडली आहे. तरी वळणापलीकडून येणारी गाडी मी अजून दाखवतो.

मी घडलो एका कारखान्यात, पण इथे आलो तो एका मरणामुळे. शौनक नावाचा तरुण रोज सकाळी दुधाचा टेम्पो घेऊन घाट उतरायचा. पौषातल्या एका सकाळी खिंड धुक्याने भरली होती. वळणावर समोरून ट्रक आला. दोघांनाही एकमेकांची चाहूल लागली नाही. शौनक टेम्पोसकट दरीत गेला. त्याची आई गोदाकाकी त्यानंतर कितीतरी सरकारी कचेऱ्यांच्या दारांशी जाऊन बसली, तेव्हा कुठे मला या खांबावर चढवले गेले.

इथला हिवाळा तुम्हाला ठाऊक नसेल. खाली बागांमध्ये धुके पडले की लोकांना आंब्याच्या मोहोराचा घोर लागतो. वर खिंडीत घोर असतो माणसांचा. रात्रभर देशावरचा गार वारा वाहतो, पहाटे दरीतली दमट हवा वर चढते आणि दोघांची गाठ इथे पडते. मग रस्ता नाहीसा होतो. पाखरेही गप्प होतात. माझ्या तोंडावर दव साचते आणि मी आंधळा होतो.

म्हणून गोदाकाकी आणि तिची सून उल्का रोज सकाळी यायच्या. त्यांची चहाची टपरी वळणाला लागूनच आहे. उल्का शिडी लावून मला पुसायची. काकी पांढरी शाल पांघरून कडेला उभी राहायची आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करायची.

"हळू जा रे बाबा, पुढं वळण हाय," ती म्हणायची. पण थंडीने काचा बंद असायच्या. तिचा आवाज गाडीत पोचत नसे. दिसायचा तो फक्त धुक्यातून वर आलेला एक हात.

एकदा एसटीचा चालक केरू टपरीवर चहाला थांबला. उल्काला म्हणाला, "वहिनी, तुमच्या वळणावर एक बाई दिसते म्हणतात. माणूस नाय ती. आम्ही सगळे तिथं गाडी जोरात दाबतो. थांबायचंच नाय."

काकी आतून चहाचा पेला घेऊन बाहेर आली. पेला त्याच्यापुढे ठेवत म्हणाली, "ती मीच रे."

केरू ताडकन उठून उभा राहिला.

"माजा झिल गेला तिथं. दुसऱ्या कुणाचा जाऊ नये म्हणून उभी रहाते. नि तुम्ही मला बघून गाडी दाबता?"

केरूने पेला बाजूला सारला. मग खाली मान घालून म्हणाला, "आता नाय दाबणार, काकी. स्टँडवर सगळ्यांना सांगतो."

त्याने खरेच सांगितले. पुढचे काही हिवाळे गाड्या वळणावर हळू होत. चालक उलट हात करत. मला तेव्हा फार बरे वाटे.

गेल्या पावसाळ्यात काकी गेली. हिवाळा आला तशी उल्का एकटीच शिडी घेऊन येऊ लागली. पण एके दिवशी तिची मुलगी सानवी तापाने फणफणली होती, आणि उल्काला सकाळी लवकर येता आले नाही. नेमके त्याच दिवशी धुके असे दाटले की माझा खांबही दिसेना. वळणापलीकडे एक ट्रक घसरून रस्त्यात आडवा पडला होता. अलीकडून एक मोटार वेगाने येत होती. मी दवाखाली आंधळा. मला नुसता तिचा आवाज ऐकू येत होता.

आणि वळणाच्या बरेच आधी ब्रेक करकचले. मोटार थांबली.

धुके विरळ झाल्यावर उल्का शिडी घेऊन धावत आली. मोटारीतल्या गृहस्थांनी तिला विचारले, "त्या आजी कुठे गेल्या? त्यांनी हात केला म्हणून वाचलो आम्ही."

"कुठल्या आजी?"

"इथेच होत्या, कडेला."

 उल्काने शिडी लावली आणि पदराने मला पुसले. मग माझ्यात बराच वेळ बघत राहिली. माझ्यात रस्त्याच्या दोन्ही बाजू होत्या, ओला कातळ होता, दरीत उतरणारे धुके होते. दुसरे कुणी नव्हते.

"आई," ती हलकेच म्हणाली, "थंडीत नका उभ्या राहू. मी येते रोज."

हात कुणी केला ते मी पाहिले असते तर तुम्हाला नक्की सांगितले असते, मित्रांनो. पण मोटार आली तेव्हा मला कुणी पुसलेच नव्हते.

घाटातला आरसा पुसायला फडक्याचा एक हात पुरतो. कुठे असा आंधळा आरसा दिसला, तर मोठ्यांना सांगा. आणि धुक्यात कुणी हात केला, तर तो कुणाचा हे मागाहून विचारा. आधी गाडी हळू करायला सांगा.