साडेतीन मार्कांचा बोर्ड

भाषांतर ही दोन संस्कृतींना जोडणारी पवित्र सेवा आहे. काकासाहेबांना ती सेवा करायची नव्हती. त्यांना बस थांबवायची होती.

वेरूळ रस्त्यावर त्यांची खाणावळ. परदेशी पाहुण्यांच्या बसगाड्या समोरून रोज धूळ उडवत जायच्या. शेवटी गाइड हबीबभाईंनी सांगितलं, "काकासाहेब, कंपनी का उसूल है, इंग्लिश में बोर्ड होना. सोमवारी बस आणतो. पाहुणे जेवले तर सीझनभर रोज इथंच. नाय जेवले तर पुढचा ढाबा."

काकासाहेबांनी डिक्शनरी उघडली. एका बाजूनं मराठी पदार्थ आत घातला की दुसऱ्या बाजूनं इंग्रजी बाहेर पडतो, असा त्यांचा समज होता. पडलेही. ते परत मराठीत आणायचे तर भरताचं झालं होतं 'खून करून भाजलेलं वांगं', ठेच्याची 'अपघातग्रस्त मिरची' आणि साध्या थाळीचं 'निष्पाप ताट'.

तरी धोका नको म्हणून कागद तपासायला ते गारखेड्यात आप्पासाहेब सरांकडे गेले. सरांनी लासूर स्टेशनच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलेलं. काकासाहेब त्यांचेच विद्यार्थी. सर याबद्दल फारसं कुठं बोलत नसत. रिटायर होऊन नऊ वर्षं झाली तरी खिशात लाल पेन असायचा, आणि समोर कागद आला की हात आपोआप चालायचा. तसा तो चालला. सरांनी कागदाची घडी घातली आणि "जा" म्हणाले. सरांनी तपासलेला कागद उघडून बघायची हिंमत काकासाहेबांनी शाळेतही केली नव्हती. घडी तशीच पेंटर शौकतकडे पोचली.

शौकतला इंग्रजी येत नव्हतं आणि त्याचा त्याला अभिमान होता. "कागद जैसा, बोर्ड वैसा" हा त्याचा धर्म. निळं तिथं निळं, लाल तिथं लाल.

सोमवारी सकाळी बोर्ड लागला. निळ्या अक्षरांत पदार्थ. वांग्यासमोर लाल अक्षरांत, अर्थात इंग्रजीत : 'पुरावा काय?' मिरचीसमोर : 'कारणे द्या.' ताटासमोर : 'अपूर्ण.' तळाशी बशीएवढ्या गोलात दहापैकी साडेतीन, आणि 'उद्या वडिलांना घेऊन येणे.' खाली सरांची सही. हुबेहूब.

"शौकत, हे लाल काय केलंस रं?"

"लाल में लिखेला था, लाल मारा. दो हाथ मारे, काका. निकलनेवाला नई."

सरांना रिक्षात घालून आणलं. सरांनी बोर्ड वरपासून खालपर्यंत तपासला.

"अक्षर मात्र सुधारलं," ते म्हणाले.

"सर, बस येऊ लागली! अन् वडिलांना जाऊन बारा वर्षं झाली."

"मग आईला आण."

तेवढ्यात बस आलीच. पाहुणे उतरले, बोर्डासमोर ओळीनं उभे राहिले, फोटो काढले. मग एका आजीबाईंनी एव्हाना कोपऱ्यात पिठलं-भाकरी-ठेचा खायला बसलेल्या बसच्या ड्रायव्हरच्या ताटाकडे बोट दाखवलं. बाकीच्यांनीही त्याच ताटाकडे बोटं दाखवली. चौतीस ताटं गेली. दोघांनी तर ठेचा पुन्हा मागून घेतला आणि रडत रडत संपवला.

हबीबभाईंनी कंपनीच्या फॉर्मवर 'इंग्रजी बोर्ड आहे' यासमोर खूण केली. बस पक्की झाली.

काकासाहेबांनी तिथल्या तिथं सरांना नारळ दिला. शाल नव्हती म्हणून कोरा टेबलक्लॉथ पांघरला. "सर, तुमच्या इंग्रजीनं तारलं!" सरांनी नाही म्हटलं नाही. उलट शौकतला शिडीवर चढवून साडेतीनचे चार करून घेतले.

"हबीबभाई," काकासाहेब फुगून म्हणाले, "पाहुण्यांना आमचं इंग्रजी कसं वाटलं, तेवढं इचारा की."

"किसको पूछूं?" हबीबभाई म्हणाले.

चौतीसच्या चौतीस पाहुणे जपानी होते. इंग्रजी एकालाही येत नव्हतं.