मामांचा बिनपगारी हमाल

मी मामांचा हमाल बोलतोय. घाबरू नका, माझ्या पाठीवर पोतं नाही. मुळात मला पाठच नाही. मी एक लहानसा प्रोग्रॅम आहे. मेलसोबत जोडून आलेली फाइल सोडवायची आणि कॉम्प्युटरवरच्या ठरलेल्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवायची, हा माझा धंदा. हमाल हे नाव मामांनीच ठेवलं.

मामा बूट बनवतात. तेही साधेसुधे नव्हेत. ज्या मुलांचा एक पाय आखूड आहे किंवा पाऊल वळलेलं आहे, त्यांचे. आईबाप कागदावर मुलाचं पाऊल ठेवतात, भोवती पेन्सिल फिरवतात, शेजारी मोजपट्टी ठेवून त्याचा फोटो काढतात आणि मेलने पाठवतात. चामडं कापताना मामांचा हात कसा झरझर चालतो! पण मेल उघडायचा म्हटलं की त्यांना घाम फुटतो. "अगं, आत्ता इथं होता फोटो! गेला कुठं मेला?" असा धोशा दिवसभर. शेवटी त्यांच्या भाचीने वैतागून मला लिहून काढलं. वैतागातून जन्मलोय खरा, पण मी लाडाचा आहे.

भाची हुशार, पण भारी घाईची. तिने मला सांगून ठेवलं होतं: नवा मेल उघड, सोबतची फाइल जागेवर ठेव, मेलवर 'वाचला' अशी खूण कर आणि पुढचा घे. मी इमानेइतबारे तेच करत आलो. मामा इतके खूश झाले की त्यांनी मेल उघडणंच सोडून दिलं. आले की थेट फोल्डर बघायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "आमचा हमाल एक चिठोरं सोडत नाही!" मला गुदगुल्या व्हायच्या.

आता तुम्हा माणसांची एक गंमत सांगतो. तुम्ही 'सोबत फोटो जोडला आहे' असं अगदी ऐटीत लिहिता आणि जोडायचंच विसरता! किती गोड असता हो तुम्ही.

एका बापाने हेच केलं. त्याच्या मुलीचा उजवा पाय आखूड. पाऊल वाढलं आणि जुना बूट चावायला लागला. शाळा सुरू व्हायची होती, आणि पोरीने हट्टच धरला होता की या वर्षी बाबांच्या कडेवर नाही, पायी जाणार. बापाने सगळं मनापासून लिहिलं आणि फोटो विसरला. मी मेल उघडला, फाइल नाही, खूण केली, पुढे गेलो. उत्तर येईना म्हणून त्याने पुन्हा लिहिलं, 'फोटो मागेच पाठवलाय, बूट कधी मिळेल?' त्यालाही फाइल नव्हती. त्याचीही तीच गत झाली.

मग त्याचा फोन आला.

"मामा, बूट झाला का हो? सोमवारी शाळा आहे."

"कुठला बूट? तुमचा मेलच आला नाही."

"अहो, दोनदा पाठवला!"

"शक्यच नाही. माझा हमाल..."

तेवढ्यात भाचीने मेल उघडून दाखवले. दोन्ही तिथेच, आणि दोन्हींवर 'वाचला'. मामांनी हातातलं चामडं बाजूला ठेवलं. "वाचला म्हणे! कुणी वाचला गं? ती पोर तिकडे वाट बघतेय आणि मी इथं बढाया मारतोय." मला सांगितलं तेवढंच मी केलं होतं, पण मामांचा तो आवाज मला ऐकवेना.

भाची लगेच माझ्यात नव्या ओळी घालायला बसली. सोबत फाइल नसेल तर खूण करायची नाही, घंटा वाजवायची. मामांनी बापाला बजावलं, "आत्ताच्या आत्ता पाऊल आखून पाठवा. बूट झाल्याशिवाय मी इथून हलत नाही."

बाप बिचारा गडबडलेला. मेल आला, मी उघडला, आणि पाहतो तर काय, पुन्हा फोटो नाही! मी अशी घंटा ठोकली की मामा हातातली कात्री टाकून फोनकडे धावले. "अहो, फोटो! फोटो जोडा!" मग एकदाचा फोटो आला. मामांनी सोल चढवला, मनासारखा होईना म्हणून उतरवला, घासला, पुन्हा चढवला. बाप स्वतः येऊन बूट छातीशी धरून घेऊन गेला.

भाची म्हणते, आता मेलमधला मजकूरही वाचणारा नवा प्रोग्रॅम लिहायला हवा. लिही बाई, माझी ना नाही. तुमच्याकडे मात्र एक मागणं आहे. मेल धाडण्याआधी एकदा खाली बघत जा. आणि ज्याच्यासोबत काही आलं नाही, तो मेलही जरा वाचत जा हो.

थांबा हं! आज सोमवार, आणि त्याच बापाचा मेल आलाय. या खेपेला फाइल जोडलेली आहे, शाबास! व्हिडिओ दिसतोय. हा घ्या, ठेवला जागेवर.

भाचीने तो लावलाय. रस्त्यावर बूट वाजतायत. मध्येच बाप विचारतो, "दमलीस का गं? उचलून घेऊ?"

"नको ना, बाबा!"

मामांनी चष्मा काढून टेबलावर ठेवलाय. "बघत काय बसलीस?" ते भाचीला म्हणतात. "डोळे मीट आणि ऐक. दोन्ही पाय सारखे वाजतायत."