शेजारचं ऊन

गुरुशांतच्या पोटात दुखत होतं. ओवा खाऊन थांबेल असलं ते दुखणं नव्हतं. शेजारच्या यशपाल सरांच्या गच्चीवर सोलारची सहा पॅनेलं बसली, त्या दिवशी ते सुरू झालं आणि मग थांबायचं नावच घेईना.

आता तुम्ही म्हणाल, गच्ची सरांची, पॅनेलं सरांची, आणि ऊन तर सोलापुरात कुणाच्या बापाचं नाही. मग याच्या पोटात का दुखावं? तर ऐका. गुरुशांत तेहतीस वर्षं लाइनमन होता. जुळे सोलापुरातल्या त्या गल्लीत लाइट गेली की लोक आधी त्याच्या दाराकडं बघायचे, मग आभाळाकडं. "अण्णा, मीटर लई पळतंय का हो?" "अण्णा, पंख्याचा वास येतोय." "अण्णा, डीपीवर काय झालं?" रिटायर होऊन तीन वर्षं झाली, तरी संध्याकाळी कट्ट्यावर तो बोलायला लागला की बाकीचे गप्प बसायचे. गल्लीच्या कोपऱ्यावर दूध डेअरीची लांब पायरी होती, तोच कट्टा. पोराबाळांची लग्नं होऊन घर रिकामं झालेल्या माणसाजवळ दुसरं होतं तरी काय? लाइटीचं काही असलं की अण्णाला विचारायचं, एवढीच त्याची इस्टेट.

आणि ती इस्टेट बघता बघता भिंतीपलीकडं गेली.

यशपाल सर भूगोलाचे मास्तर, तेही रिटायर. शांत माणूस, कुणाच्या अध्यातमध्यात नाही. पण त्यांच्या मोबाइलवर एक ॲप होतं. आज उन्हातून किती वीज झाली ते त्यात दिसायचं. रोज साडेसहाला ते कट्ट्यावर यायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे, आणि कुणीतरी विचारायचंच, "सर, आज किती?"

"आज साडेदहा युनिट."

"आरं तिच्या मायला!" बिरुदेव मांडीवर थाप मारायचा. हा बिरुदेव सूतगिरणीतून सुटलेला, कानानं थोडा कमी. त्याला अर्धं ऐकू यायचं नाही, पण थाप पूर्ण बसायची.

आणि गुरुशांतला वाटायचं, ती आपल्याच गालावर बसली.

एके दिवशी तर कहर झाला. समोरच्या घरातली चैताली, बँकेत नोकरीला, एसी घ्यायचा म्हणून चौकशीला निघाली. गुरुशांत फाटकात उभाच होता. हिला सांगावं, दीड टनाचा घेऊ नको, तुझ्या खोलीची वायरिंग जुनी हाय, आधी अर्थिंग बघून घे, असं सगळं त्यानं जिभेवर आणून ठेवलं होतं. चैताली आली, हसली, "काय अण्णा, जेवण झालं का?" म्हणाली आणि पुढं जाऊन सरांची बेल वाजवली. अर्धा तास आत होती. बाहेर येताना हातात सरांनी एसीचा हिशेब काढून दिलेला कागद होता.

घरात येऊन गुरुशांतनं तांब्या आपटला. "भूगोलाचा मास्तर! फेज कुटली आनि न्यूट्रल कुटलं, इचारा म्हनावं!"

शिवलीला, त्याची बायको, शेंगा सोलत बसली होती. तिनं मान वर केली नाही. "मग तुमी इचारा की. भिंतीपलीकडंच हायत."

"मी कशाला इचारू?"

"मग सुम्न कुंदरी," ती कानडीत म्हणाली. म्हणजे गप बसा. नवरा फार तापला की ती कानडीत बोलायची, एवढं त्यालाही ठाऊक होतं.

एप्रिल सरत आला, पारा चव्वेचाळीसला टेकला, आणि एका सकाळी सर स्वतःच फाटकात आले.

"अण्णा, एक विनंती होती. तुमच्या कडुलिंबाची ती वरची फांदी आहे ना, तिची सावली तीननंतर माझ्या दोन पॅनेलांवर येते. तेवढी एक छाटली तर बरं होईल. माणूस मी बोलावतो, तुम्हाला त्रास नको."

आता गंमत बघा. गुरुशांतनं जन्मात एवढ्या फांद्या तोडल्या होत्या की त्यांचं रान झालं असतं. दर पावसाळ्याआधी तारेला लागणारी झाडं साफ करायची, हे त्याचं कामच होतं. या लिंबावर तर त्याचा खास राग. पानं पडतात म्हणून त्यानं शिवलीलाशी दहा वेळा भांडण काढलं होतं. पण सरांच्या तोंडून 'छाटली तर' ऐकलं आणि त्याच्या अंगात कुठून कोण जाणे एकदम झाडांची माया संचारली.

"जित्तं झाड तोडायचं?" तो मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, कारण चैताली स्कूटी काढत होती आणि दूधवालाही थांबला होता. "सर, तुमी शिकलेली मान्सं! एका बाजूनं म्हनायचं, पृथ्वी तापली, आनि दुसऱ्या बाजूनं सावलीवर कुऱ्हाड घालायची? ही काच तुमाला पाच-सात वर्षांत भंगारात घालावी लागंल. माझा लिंब शंभर वर्षं हवा दील!"

"वा अण्णा!" चैताली म्हणाली.

त्या दोन शब्दांनी गुरुशांत हरभऱ्याच्या झाडावर चढला तो उतरेचना. संध्याकाळी कट्ट्यावर त्याचं व्याख्यान झालं. एसी म्हणजे काय, तर आपली गरमी शेजाऱ्याच्या तोंडावर फेकायचं यंत्र. मोबाइल म्हणजे काय, तर हातातला विस्तव. पूर्वी पंखा नव्हता तेव्हा माणसं काय मेली का? लोक माना डोलवत होते. तीन वर्षांत गुरुशांतला असलं सुख मिळालं नव्हतं. घरी त्याच्या डोक्यावर दोन पंखे फिरायचे, ते मात्र त्यानं सांगितलं नाही.

आणि सर काय म्हणाले? सर म्हणाले, "अण्णांचं खरं आहे. झाड आधी होतं, मी नंतर आलो. राहू दे सावली."

लगेच कट्टा फिरला. "मोठ्या मनाचा मानूस!" बिरुदेवनं थाप मारली. गुरुशांतच्या अंगाचा तिळपापड झाला. जिंकलो आपण, आणि शाबासकी यानं नेली! हा माणूस हरतोसुद्धा कसा, की बघणाऱ्याला तोच जिंकला वाटावा!

मग आला मेचा तो मंगळवार. सकाळी अकराला डीपीवर, म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवर, मोठा आवाज झाला आणि गल्लीची लाइट गेली. ऊन असं, की डांबराला चप्पल चिकटत होती. बारा वाजले, एक वाजला. पंखे बंद, कूलर बंद, बाया ओले टॉवेल घेऊन दारात बसल्या. कुणीतरी म्हणालं, "सरांचं बरं हाय. त्यांच्या गच्चीवर ऊन आपलं चालूच."

म्हणून चारपाच जण सरांच्या दारात गेले. बघतात तर सरही ओसरीवर पुठ्ठ्यानं वारा घेत बसलेले. आत पंखा बंद.

"काय हो सर? तुमचीबी गेली?"

"गेली ना."

"आवं, वर एवढं ऊन! सोलार हाय की!" बिरुदेवला हसू आवरेना. "उनात बी लाइट न्हाय, मग ही पॅनेलं काय वाळवनाला घातलीत व्हय? पापड तरी घाला वर!"

सगळी गल्ली हसली. त्या दिवशी रजेवर असलेली चैतालीही हसली. गुरुशांत आपल्या फाटकात उभा राहून ते ऐकत होता, आणि त्याच्या पोटातलं सहा आठवड्यांचं दुखणं हळूहळू शांत होत होतं.

सर उठले. हसणाऱ्यांवर रागावले नाहीत. फाटकाकडं हात करून म्हणाले, "ते का बंद पडतं, ते अण्णा सांगतील. या गल्लीत ते त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही."

सगळ्यांच्या माना गुरुशांतकडं वळल्या. जशा पूर्वी वळायच्या, अगदी तशा.

त्याला माहीत होतं का? अहो, झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं! तारेतली लाइट गेली की असलं सोलार आपोआप बंद होतं, आणि व्हायलाच पाहिजे. नाहीतर घरातली वीज उलटी तारेत जाते. खाली सप्लाय बंद केलाय म्हणून एखादा लाइनमन बिनघोर वर चढतो आणि तार धरतो. तारेत अशा उलट्या आलेल्या विजेला लाइनमन लोक 'उलटा करंट' म्हणतात. गुरुशांतचा जोडीदार धुळा असाच वेळापूरकडं एका पोलवर चढला होता. लाइन बंद होती. पण खाली एका मांडवात जनरेटर लावला होता आणि तारेकडचा मेन स्विच कुणी पाडला नव्हता. धुळाचा उजवा हात कोपरापासून काढावा लागला. पोलवरून त्याला खाली घेतला तो गुरुशांतनं, स्वतःच्या खांद्यावर.

हे सगळं त्याच्या ओठांवर आलं. आणि मग त्याला चैतालीच्या हातातला तो कागद आठवला, रोजचं ते 'सर, आज किती' आठवलं. याला आता माझी गरज पडली काय?

"मला काय ठावं?" तो म्हणाला. "आमचं पोल-तारेचं जुनं काम. हे नवं तुमी शिकलेल्यांनी बघावं." आणि एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं, पण जीभ थांबली नाही. "फसवलं आसंल तुमाला कुनीतरी, सर. दुसरं काय!"

पुन्हा हशा पिकला. सरांनी गुरुशांतकडं एकदा नीट बघितलं. मग पुठ्ठा घेऊन आत गेले.

घरात शिवलीला उंबऱ्यात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"खरंच ठावं न्हवतं?"

"न्हवतं."

"धुळादादाला दवाखान्यात महिनाभर डबा मी दिलाय," ती म्हणाली. या वेळी कानडीत नाही, सरळ मराठीत. "त्याचा हात कशानं गेला, ते मला ठावं हाय. आनि तुमाला न्हाय?"

गुरुशांतला घरात बसवेना म्हणून तो मागच्या दारानं बोळात गेला. तिथून डीपीचा पोल दिसतो. दुरुस्तीची गाडी आली होती. तिशीचा एक लाइनमन पट्टा बांधून वर चढत होता, आणि पोलच्या बुडाशी, त्या भाजत्या उन्हात, सर पाण्याची बाटली घेऊन उभे होते.

"दादा, माझ्याकडं सोलार आहे," सर वरती बघून ओरडून सांगत होते. "ते आपोआप बंद झालंय. पण मी वरचा स्विचही हातानं पाडलाय. तुम्ही खाली येईपर्यंत उचलणार नाही."

"बरं केलं सर!" वरून आवाज आला. "एवढं कुनी सांगायला येत न्हाय. कुनी शिकवलं तुमाला?"

"माझ्या शेजाऱ्यांनी. लाइनमनच होते. त्यांनी एकदा कट्ट्यावर त्यांच्या जोडीदाराच्या हाताची गोष्ट सांगितली होती. तेव्हापासून डोक्यात बसलीय. सोलारवाला आला तेव्हा मी पहिला प्रश्न हाच विचारला, लाइट गेल्यावर हे बंद पडतं ना? बंद पडत असेल तरच बसव म्हटलं."

बोळाच्या भिंतीला टेकून गुरुशांत उभा राहिला. भिंत तापून तव्यासारखी झाली होती, पण त्याला पाठ काढून घ्यायचं भान नव्हतं. धुळाची गोष्ट त्यानं सांगितली त्याला सहा वर्षं झाली असतील. त्या दिवशी निम्मे लोक मध्येच उठून दूध घ्यायला गेले होते. कुणी ऐकलं नाही, असं तो इतकी वर्षं धरून बसला होता. ज्यानं ऐकली, त्यालाच आज त्यानं भर गल्लीत खोटं पाडलं होतं. लाज म्हणजे काय, ते गुरुशांतला त्रेसष्टाव्या वर्षी त्या बोळात कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तो लिंबावर चढला. कमरेला जुना पट्टा, हातात कोयता. शिवलीला खालून ओरडत होती, "आवं, वय काय, करताय काय!" पण ओरडता ओरडता शिडी तिनंच धरली होती. एकच फांदी त्यानं काढली, खोडाला जखम न करता, सफाईनं. हात अजून विसरले नव्हते.

संध्याकाळी कट्ट्यावर बिरुदेवनं गाठलंच. "काय अण्णा, जित्तं झाड? पृथ्वी?"

"लिंब हाय तितंच हाय. फांदी फुटंल परत," गुरुशांत म्हणाला. "आनि आता गप बस, जरा मोठ्यानं सांगतो म्हंजी तुलाबी ऐकू यील. काल मी खोटं बोललो. मला सगळं ठावं होतं. सरांना कुनी फसवलं न्हाय." आणि त्यानं उलटा करंट सांगितला, धुळाचा हात सांगितला, आणि दुपारी पोलखाली उन्हात कोण उभं होतं, तेही सांगितलं. या वेळी दूध घ्यायला कुणी उठलं नाही. चैतालीनं हळूच विचारलं, "अण्णा, माझ्या इन्व्हर्टरचंबी असंच असतं का हो? एकदा येऊन बघाल?"

"यीन की," गुरुशांत म्हणाला. छाती जराशी फुगली, ती त्यानं फुगू दिली.

तेवढ्यात सर आले. आल्या आल्या गुरुशांतच्या शेजारी बसले, चष्मा कपाळावर सरकवला, आणि कुणीतरी सवयीनं विचारलं, "सर, आज किती?"

"आज चौदा."

"आरं तिच्या मायला!" बिरुदेवची थाप बसली.

आणि काय सांगू तुम्हाला, गुरुशांतच्या पोटात तिथंच, त्याच जागी, परत बारीक कळ आली. माणूस एका दिवसात किती बदलणार?

"त्यातली तीन माझी," तो पुटपुटला. "फांदीची."

सरांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला, जरा हिशेब केला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तीन नाही अण्णा. साडेतीन."

गुरुशांतनं कपाळावर हात मारला. आता देण्यातसुद्धा हा मास्तर अर्ध्या युनिटानं पुढंच!