दोनशे किलो, दोनदा

नवरा गेल्यावर त्याची मोटरसायकल दोन वर्षं दारात उभी होती. धाकटे दीर यायचे, तिला फडकं मारायचे आणि किल्ली मागायचे. शेवटी मी म्हटलं, "भावजी, गाडी मी चालवणार."

ते हसले. "वहिनी, दोनशे किलोचं धूड आहे. पडली तर? एकटीनं उचलून दाखवा, पुन्हा किल्लीचं नाव काढणार नाही. नाही जमलं, तर गाडी माझी."

नवऱ्याच्या हातून ती चारदा पडली होती. शेजारी धावले होते उचलायला. त्याची परीक्षा कुणी घेतली नाही. तरी मी "चालेल" म्हटलं. वय बावन्न, गुडघे कुरकुरणारे, तोंड मात्र पुढे.

मी दवाखान्याच्या धुलाईत कामाला आहे. ओल्या चादरी पिळून मनगटं पक्की होतीच. दोन महिने पाण्याचे कॅन उचलून दंडही कमावले. मग गॅरेजात एक भंगार गाडी आडवी करून ओढली. तसूभर हलली नाही.

मिस्त्री म्हणाला, "ताई, हातानं ओढाल तर कंबर जाईल. तिच्याकडे पाठ करा, बूड सीटला टेकवा आणि मांड्यांनी रेटा."

म्हणजे दोन महिने पाण्यात. मग रोज सकाळी भिंतीला पाठ लावून, खाली खुर्ची नसताना बसायला लागले. पाय लटलटायचे. जाऊबाई म्हणायच्या, "भिंत पडतेय म्हणून टेकू दिलाय का?" वीस आकड्यांवरून दोनशेवर गेले. भंगार गाडी उठली, आणि तशीच पलीकडे कोसळली. पलीकडचा स्टँड आधी बाहेर काढून ठेवायचा असतो, हे तेव्हा कळलं.

परीक्षेला दिरांनी मुद्दाम पेट्रोल आणून टाकी भरली. गाडी उजव्या अंगावर आडवी केली. अर्धी गल्ली जमली. चाक फिरू नये म्हणून मी वाकून गिअर टाकला, स्टँड बाहेर काढला.

"वहिनी, उचलायचीय. दुरुस्त नाही करायची."

मी पाठ केली, एका हातात हँडल, दुसऱ्यात कॅरिअर धरला आणि बारीक पावलांनी मागे रेटत गेले. गाडी उठली, स्टँडवर टेकली.

दीर म्हणाले, "जमतं एखाद्या वेळी."

मी गाडी पुन्हा आडवी केली. पुन्हा उचलली. मग म्हटलं, "आता तुम्ही, भावजी."

"माझी पाठ जरा धरलीय."

"जपा मग," म्हटलं, आणि किल्ली लावली.