शुभांगीबाईंचा डॉक्टर

ओम डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला होता आणि त्याचा फॉर्म त्याची आई भरत होती. घरची पार्श्वभूमी आणि मुलांची जीवनकौशल्यं यांवर कॉलेजनं पाहणी सुरू केली होती. 'मी माझी कामं स्वतः करतो' यापुढं शुभांगीबाईंनी 'नेहमी'वर खूण केली. 'संकटात शांत डोक्यानं निर्णय घेतो' यापुढंही 'नेहमी'. लेक आत झोपला होता. त्याच्या ॲप्रनला इस्त्री झाली होती, डाळिंब सोलून वाटीत ठेवलं होतं. गावाकडची, चांद्यातली जमीन विकून त्याला कॉलेजात घातलं होतं आणि तू फक्त अभ्यास कर, एवढंच आजवर सांगितलं होतं. त्यानं तेवढंच केलं, बिचाऱ्याचा काय दोष!

फॉर्मच्या नादात बाई न्याहारी विसरल्या. इन्सुलिन मात्र टोचून घेतलं होतं.

दरदरून घाम फुटला, हात कापायला लागले आणि त्या स्वयंपाकघराच्या दारातच खाली बसल्या. हाक कशीबशी निघाली. ओम आला, आणि खरं ते सांगायला हवं, त्यानं दुखणं अचूक ओळखलं. मशीनवर बोटाचं रक्त तपासलं.

"मम्मी, शुगर अडतीसवर आलीये. हायपोग्लायसेमिया. लगेच साखर द्यायला हवी."

तशातही बाईंचा ऊर भरून आला.

"साखर कुठंय?"

बाईंची जीभ वळेना. मांडणीवर एकसारखे अकरा डबे, कशात काय ते फक्त त्यांच्या हातांना ठाऊक. या पोराला त्यांनी पाण्याचा तांब्या भरून घ्यायलाही कधी आत येऊ दिलं नव्हतं. त्यानं एक डबा उघडला, पांढरं दिसलं, चमचा भरून आईच्या तोंडात घातला. मीठ होतं. बाईंना कळत होतं, सांगता येत नव्हतं. त्यांनी थुंकून टाकलं, तर त्यानं दुसरा चमचा भरला. मायेनं भरला, हेच वाईट.

तेवढ्यात फाटक वाजलं. रिहे गावच्या बौद्धवाडीतली धम्मदीपा, ओमच्याच वर्गातली, राहिलेले फॉर्म गोळा करत आली होती. तिची आई पहाटेच कंपनीच्या कँटीनला कामाला जाई, त्यामुळं दहाव्या वर्षापासून घरचा स्वयंपाक हिच्याकडं. तिनं ओमच्या हातातल्या डब्यात बोट बुडवून जिभेला लावलं.

"मीठ आहे हे. चाखून तरी बघायचंस."

चपला काढून ती सरळ आत गेली. दोन डबे चाखले, दुसऱ्यात साखर निघाली. ती पाण्यात विरघळवली, बाईंना टेकून बसवलं, गिळता येतंय ना ते पाहिलं आणि घोट घोट पाजलं. ओम बाजूला उभा राहून रडत होता.

पंधरा मिनिटांनी बाईंना नीट दिसायला लागलं. आधी ओम दिसला. मग मांडणीपाशी डब्यांची झाकणं लावणारी ती बौद्धवाडीतली मुलगी.

"तू हितं आत कशी आलीस?" जीव वाचल्यावर बाईंचे पहिले शब्द हे.

धम्मदीपाचा हात झाकणावरच थांबला. "साखर हवी होती, काकू," ती म्हणाली. "आता काहीतरी खाऊन घ्या." तिनं ओमकडं पाहिलं. ओम फरशीकडं बघत होता. ती चपला घालून निघून गेली.

तिची स्कूटी लांब गेल्यावर बाई भिंत धरून उठल्या. तिनं बोट घातलेला एकेक डबा त्यांनी मोरीत रिकामा केला. मीठ, रवा आणि शेवटी साखर.

"मम्मी, घरात तेवढीच साखर होती ना? तुला चालत नाही म्हणून पप्पा जास्त आणतच नाहीत. परत असं झालं तर?"

बाईंनी पदरानं त्याचे डोळे पुसले. दुखण्याचं नाव त्यानं कसं चटकन सांगितलं, हेच त्यांच्या मनात घोळत होतं.

"झालं तर झालं. तू हायेस की घरात. डॉक्टर."

ओमनं मान डोलावली आणि भूक लागलीये म्हणाला.