मातीच्या भिंतीवर तेलरंग

मित्रांनो, मी एक जुनी भिंत आहे. मातीची. शेलूबाजारजवळच्या एका कला आणि वास्तुकला महाविद्यालयात चित्रकलेच्या वर्गाची पश्चिमेची बाजू मी सांभाळते. अलीकडे माझ्याविषयी बरेच चुकीचे बोलले गेले, म्हणून जे झाले ते क्रमाने सांगते.

मला गवंड्यांनी नव्हे, विद्यार्थ्यांनी बांधले. गावातल्या पडक्या घरांची पांढरी माती ट्रॉलीने आणली, भिजवली, तिच्यात गव्हाचा भुसा कालवला. खाली दगडाचा पाया, त्यावर मातीचे थर. एक सुकल्याशिवाय दुसरा नाही. त्या मुलांत वास्तुकला शिकणारी कारंजा लाडची यूसरा होती. ईद करून आली तेव्हा तिच्या हातांवर मेंदी होती. चित्रकलेचा प्रसेनजित तिला चिडवू लागला.

"काहून वं, मेंदी खराब होईन म्हून उभी आहे का?"

"मेंदी आठ दिवसानं जातेच. तू तुया थर पाह्य, वाकडा चालला."

थर खरोखरच वाकडा होता. तो त्याला उकरून पुन्हा घालावा लागला.

उन्हाळ्यात शेजारच्या सिमेंटच्या वर्गात मुले पंख्याखालीही घामाघूम होत, आणि दुपारचे तास माझ्या आडोशाला भरत. पाहुणे येत, तळहात टेकवून गारवा पाहत. प्रवेशाच्या पत्रकावर माझा फोटो छापला जाई. पावसाळा संपला की पहिल्या वर्षाची मुले शेणमाती कालवून मला हातांनी लिंपत. तो अभ्यासाचाच भाग होता. पावसात जे पाणी माझ्यात मुरे, ते उन्हात बाहेर निघून जाई. याहून अधिक मला काही लागत नव्हते.

यूसरा पुढे शिकून त्याच महाविद्यालयात शिकवायला आली आणि मातीच्या बांधकामाचा विषय तिच्याकडे आला. प्रसेनजितही चित्रकलेचा शिक्षक झाला.

मग बाहेरून तपासणीची समिती येणार असे कळले. प्राचार्य दौलतरावांना माझे लिंपण अचानक गावठी दिसू लागले. समितीला दाखवायचे होते पर्यावरणपूरक बांधकाम, आणि लाज वाटत होती ती मातीचीच. उन्हाळ्याच्या सुटीत, यूसरा घरी गेलेली असताना, माझ्यावर आतून-बाहेरून सिमेंटचे पलस्तर चढले. आतल्या बाजूचे जड कपाट हलवायचा मात्र कंटाळा केला गेला. बाहेर प्रसेनजितने मुलांना घेऊन तेलरंगात भले मोठे चित्र काढले: ओंजळीत धरलेली हिरवी पृथ्वी आणि खाली ठसठशीत अक्षरांत 'वसुंधरा वाचवा'. चित्र सुरेख होते, हे मी मान्य करते. फक्त ते माझ्या नाकातोंडावर काढले होते.

यूसरा परतली आणि तिने प्रसेनजितला व्हरांड्यातच गाठले.

"तुले मालूम होतं ना रे? इच्यातलं पाणी आता कुठून निंघन?"

"सर म्हणे करा, मी केलं. समिती जाऊ दे, मंग पाहू."

समिती आली, चित्रासमोर उभे राहून तिने फोटो काढले, चहा घेतला आणि गेली. नंतर कोणीच काही पाहिले नाही. पावसाळ्यात छपराच्या कडेचा पत्रा सरकला आणि पाणी वरून माझ्यात उतरू लागले. पूर्वीही असे झाले होते. तेव्हा चार उन्हे पडली की मी सुकत असे. या वेळी दोन्हीकडची वाट बंद होती. पाणी बुडाशी साचत गेले, तिथली माती चिखल झाली, चित्रातली पृथ्वी फुगली आणि एका सकाळी पलस्तराचा मोठा तुकडा व्हरांड्यात कोसळला. सुदैवाने तिथे कोणी नव्हते.

दौलतरावांनी सर्व शिक्षकांची सभा घेतली. मातीचे बांधकाम टिकत नाही हे आता सिद्ध झाले, असे ते म्हणाले. भिंत पाडायची, तिथे सिमेंटची उभी करायची, आणि पुढच्या वर्षापासून मातीच्या बांधकामाचा विषयही बंद करायचा. मित्रांनो, इथे माझे डोके फिरले. पडण्याचे मला भय नाही. मी माती आहे, पुन्हा भिजेन, पुन्हा उभी राहीन. पण दुसऱ्याचा गुन्हा माझ्या माथी मारून मुलांच्या हातातली विद्याच काढून घेतली जात होती.

यूसराने एकच मागणी केली: पाडण्याआधी पलस्तर खरवडायचे आणि आत काय आहे ते सर्वांसमोर पाहायचे. दौलतराव नाइलाजाने हो म्हणाले. मुले जमली. पण चित्रावर पहिला घाव कोणी घालायचा, म्हणून सगळे थबकले. तेव्हा प्रसेनजित पुढे आला. त्याने आपल्याच हिरव्या पृथ्वीवर छिन्नी धरली.

पलस्तर निघाले. कमरेच्या वर मी कोरडी आणि टणक होते. खाली ओली, आंबूस वासाची. मग यूसराने मुलांना आत नेऊन कपाट बाजूला सारायला लावले. त्यामागचा पट्टा पलस्तरातून सुटला होता. तो पायापर्यंत ठणठणीत निघाला. दौलतरावांनी त्यावर बोटाने टकटक करून पाहिले.

"पण यंदा पाऊसही तर फार झाला," ते म्हणाले.

"पाऊस त दरवर्षी येते, सर," यूसरा म्हणाली. "पलस्तर यंदाच आलं."

मागे कोणीतरी हसले.

दौलतरावांनी बोटाची माती झटकली. मग विषय चालू राहील असे म्हणाले. सडलेला भाग मुलांनी थोडा थोडा काढून पुन्हा भरावा. चूक कोणाची, हे त्यांच्या तोंडून आले नाही. माझी माफीही कोणी मागितली नाही. मी अजून वाट पाहते आहे.

मुलांनी ओली माती उन्हात वाळवून पुन्हा माझ्यातच घातली. सिमेंटचे तुकडे मात्र कुंपणाशी पडून आहेत. ते कशातच मिसळत नाहीत.

मित्रांनो, तुमच्याही गावात मातीच्या भिंती असतील. त्यांना शोभा नको, मोकळे अंग हवे आणि वर्षाला एक लिंपण हवे. तरीही एखादी पडलीच, तर ती मातीची होती एवढे ऐकून घरी जाऊ नका. तिच्यावर काय थापले होते आणि कोणी थापले होते, ते विचारा.