दगडाखालचं वर्ष

सकाळी सातला साहेबांचा फोन वाजला, तेव्हा धरणाचा चौकीदार बुटाची नाडी बांधत होता. फोन कशासाठी, हे त्याला न उचलताही ठाऊक होतं. उद्या तपासणी. म्हणजे आज दरवाजा उघडायचा.

बावीस वर्षं हेच चाललं होतं. नदीत बारमाही थोडं पाणी सोडायचं, असा नियम. प्रत्यक्षात सगळं पाणी कालव्याने कारखान्यांकडे जायचं आणि नदी वाहायची ती फक्त तपासणीपुरती. तपासनीस पुलावरून खळाळतं पाणी बघत, चहा घेत, सही करून वाटेला लागत. याला सगळे 'पद्धत' म्हणत. लबाडीला एकदा पद्धत म्हटलं की तिला हात लावायला कोणी धजत नाही.

खालच्या वस्तीत चौकीदाराची सख्खी बहीण राहायची. डबक्याच्या पाण्याने तिच्या हातांची कातडी सोलवटली होती. दादा, थोडं सोड की, असं ती दरवर्षी म्हणायची, आणि वरून हुकूम नाही, असं तो सांगायचा. पुढे तिने म्हणणंच सोडलं. ते त्याला जास्त लागलं.

यंदा तपासणीला नदीच्या प्रयोगशाळेतून त्याचीच मुलगी आली. घरचीच पोर, सांभाळून घेईल, म्हणून साहेब खूश होते.

पण ती पुलावर थांबली नाही. गुडघाभर पाण्यात उतरून एकेक दगड उलटा करत, ब्रशने घासत, पांढऱ्या ताटलीत न्याहाळत राहिली. चाळीस दगड झाले. साहेब कंटाळून गाडीत झोपले. मग ती काठावर बापाशेजारी येऊन बसली. दोघंही दमली होती.

"बाबा, या दगडांखाली एक किडा असायला हवा. वर्षभर वाहत्या पाण्यात वाढतो, तेव्हा कुठे त्याला पंख फुटतात. एकही नाही सापडला."

त्याने बुटावरचा चिखल झटकला.

"पाणी कालचं ना?"

"कालचंच."

ती अहवाल लिहायला लागली आणि थांबली. त्याच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. खरं लिहिलं तर पहिली गदा त्याच्यावर येणार, साहेब नामानिराळे राहणार. किडे सापडले नाहीत एवढंच लिहू का, कारण राहू दे, असं तिने हळूच विचारलं.

त्याने खाली पाहिलं. बाया घाईघाईने बादल्या भरत होत्या. संध्याकाळी पाणी बंद होणार, हे त्यांनाही पाठ झालं होतं. बहीणही त्यात होती. तिने वर पाहिलं नाही.

"कारण लिही," तो म्हणाला. "दरवाजा मी उघडला, साहेबांचा फोन आला म्हणून. बावीस वर्षं मीच उघडतोय. आण इकडे, खाली मी सही करतो."

सही वाकडीतिकडी आली. मुलीला रडू फुटलं, पण तिने तो कागद तसाच पिशवीत ठेवला.

संध्याकाळी नेहमीसारखा फोन आला, दरवाजा लावा.

"माझ्याच्याने नाही होणार, साहेब," चौकीदार म्हणाला. "दमलो आता."

दुसऱ्या दिवशी दरवाजा लावायला दुसरा माणूस मिळाला. असा माणूस नेहमी वेळेवर मिळतो. तो कोणाच्या घरातून येतो, हे आपण वाचणाऱ्यांनी आपापल्या घरी विचारावं.